वाचकांचे प्रश्न : गोळ्या थकल्या, आता मशीन?

मागच्या अंकात शाळेत फीट आली तर बाईंनी, सरांनी काय करायचं ते लिहिलं होतं, आणि जाता जाता एक ओळ टाकली होती की गोळ्या लागू न पडणाऱ्या काही मुलांना आता मशीनपण बसवतात. झालं! बाकी सगळं राहिलं बाजूला, पत्रं आली ती त्या एका ओळीवर. म्हणून यावेळी तोच विषय. नवीन वाचकांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) काढणारी टेक्निशियन होते, चोवीस वर्षं पोरांच्या डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या आणि नंतर फिट्सच्या ओपीडीत आईवडिलांशी बोलत बसायचं काम केलं. त्यामुळे गोळीचा डोस मला विचारू नका, बाकी काहीही विचारा.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथ्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. तीन औषधं चालू आहेत तरी दिवसातून दहा-पंधरा वेळा धाडकन पडतो, हनुवटीला दोनदा टाके घातलेत. घरच्या ग्रुपवर इंग्लंडच्या एका मुलाचा व्हिडिओ आला, कवटीत मशीन बसवलं आणि फिट्स ८० टक्के कमी झाल्या. आपल्याकडे ते कुठे मिळेल? वेळ पडली तर शेत विकू. (एक आई, तासगाव)

ताई, शेत विकू नका, निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी नको.

व्हिडिओ खोटा नाहीये. इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा मुलगा, लेनॉक्स-गॅस्टॉ नावाचा फिट्सचा अवघड प्रकार, ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो १२ वर्षांचा होता. आठेक तास चाललं. मेंदूत खोल थॅलॅमस म्हणून एक भाग असतो, जंक्शन समजा, बऱ्याच गाड्या तिथून जातात. त्यात दोन्ही बाजूंनी एकेक बारीक वायर सोडली आणि मशीन स्वतः कवटीच्या हाडात खाचा करून बसवलं, साधारण साडेतीन सेंटीमीटर चौरस, जाडी सहा मिलीमीटर. चार्जिंगला कानावर हेडफोन लावल्यासारखं एक साधन, ते लावून पोरगं टीव्ही बघत बसतं. जखम भरल्यावर महिन्याने मशीन सुरू केलं, आणि जून २०२४ मध्ये बातमी आली तेव्हा त्याच्या दिवसाच्या फिट्स ८० टक्के कमी झाल्या होत्या.

आता व्हिडिओत नसतं ते सांगते. ते ८० टक्के म्हणजे एका मुलाचा आकडा आहे. कॅडेट नावाच्या ट्रायलमधला तो पहिला मुलगा, आधी चार मुलांवर बघायचं आणि मग बावीस मुलांवर, असं त्यांचं ठरलं होतं. ट्रायलमधलं मशीन दुकानातून आणता येत नाही, त्यामुळे कुणी तुम्हाला 'तेच मशीन आमच्याकडे आहे' म्हणालं तर तिथून सरळ उठा आणि एसटी पकडा.

पण ताई, तुमच्या पत्रात मला मशीनपेक्षा मोठी गोष्ट खटकली. पाच वर्षं गोळ्या चालू आहेत, तीन औषधं झाली, आणि पूर्ण पत्रात व्हिडिओ ईईजी हा शब्दच नाही. २०१० मध्ये जगातल्या फिट्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने व्याख्या करून ठेवलीय, योग्य निवडलेली दोन औषधं योग्य डोसमध्ये देऊन फिट्स थांबल्या नाहीत तर त्या औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स. दोन औषधं, सहा नाही! कारण आकडे तसेच आहेत. ग्लासगोला ४७० नव्या पेशंटचा हिशोब मांडला होता, २००० साली छापून आला, त्यात शंभरातले ४७ पहिल्याच औषधावर थांबले, आणखी १३ दुसऱ्यावर, आणि त्यापुढे तिसरं दिलं काय नि दोन-दोन एकत्र दिली काय, फक्त ४. तरी आमच्या ओपीडीत पाचवी-सहावी गोळी खाऊन पेंगत आलेली पोरं मी कितीतरी बघितलीत. 'अजून एक औषध ट्राय करू' असं म्हणत वर्षं जातात, आणि ही वर्षं कोणती, तर पोराची बोलायची, शिकायची.

तर तिसऱ्या औषधानंतर काय? फिट मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून उठते का ते शोधायचं. त्यासाठी दोन-चार दिवस ॲडमिट करून व्हिडिओ ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी आणि समोर कॅमेरा, फीट येईपर्यंत थांबायचं. (अख्ख्या हॉस्पिटलात ही एकच खोली, जिथे फीट आली की सगळ्यांना बरं वाटतं.) सोबत फिट्ससाठी म्हणून खास पद्धतीने काढलेला एमआरआय. जुना एमआरआय नॉर्मल आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच मुलाचा चांगल्या मशीनवर परत काढल्यावर छोटासा डाग सापडतो असं होतं. जागा सापडली आणि ती काढता येण्यासारखी असली तर ऑपरेशन, आणि इथे दिल्लीच्या एम्सचा अभ्यास सगळ्या जगाने वाचलाय. १८ वर्षांपर्यंतची ११६ मुलं, निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना फक्त औषधं. वर्षभराने ऑपरेशनवाल्यांपैकी ७७ टक्के मुलांच्या फिट्स बंद, औषधवाल्यांपैकी ७ टक्के. २०१७ साली प्रसिद्ध झाला. फुकटात मिळालं नाही ते, काही मुलांना एका बाजूची कमजोरी वगैरे आली, तीही काहींच्या बाबतीत आधीच धरून चाललेली. पण फिट्स बंद होणं आणि कमी होणं यात फरक आहे, आणि मशीनं करतात ते मुख्यतः कमी.

म्हणून क्रम असा ठेवा, काढता येण्यासारखी जागा आहे का ते आधी, मशीन नंतर. तुमच्या मुलाचं वर्णन वाचून, धाडकन पडणं वगैरे, त्याच्यात एक जागा नसेलही, मेंदूभर पसरलेला प्रकार असू शकतो. तरीपण मग कीटो डाएट आहे, ते १९२१ पासून चालत आलंय, भात-चपाती जवळजवळ बंद आणि लोणी, साय, पनीर, तेल काट्यावर मोजून. मराठी स्वयंपाकघरात जमतं पण घरातल्या सगळ्यांनी साथ दिली पाहिजे, एक लाडू देणारे आजोबा सगळ्यावर पाणी ओततात. पडण्याच्या फिट्ससाठी मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल कापायचं ऑपरेशनही आहे. आणि व्हीएनएस आहे, म्हणजे गळ्यातल्या व्हेगस नावाच्या नसेला झटके देणारं मशीन, त्याबद्दल खाली. तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा, बेंगळुरूचं निमहान्स, दिल्लीचं एम्स, या सरकारी संस्था आहेत आणि हे सगळं तिथे वर्षानुवर्षं होतंय. एकदा तिकडचं मत घ्या. आणि तोपर्यंत पोराला हेल्मेट घाला, हनुवटीला गार्ड असलेलं. लोक बघतात, बघू देत.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची. सगळ्या तपासण्या झाल्या, एक जागा सापडत नाही, ऑपरेशन होणार नाही म्हणाले. व्हीएनएस सुचवलंय. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं, आम्हाला अर्धंच कळलं, परत विचारायला भीड वाटली. नक्की काय करतात? मेंदूला हात लावतात का? (बाबा, नाशिक)

भीड कसली, पोर तुमची आहे. वहीवर प्रश्न लिहून न्या पुढच्या वेळी.

मेंदूला हात लावत नाहीत. गळ्यातून व्हेगस नावाची नस मेंदूकडे जाते, दोन्ही बाजूंना असते, त्यातल्या डाव्या नसेभोवती वायरीची वेटोळी बसवतात. डावीच का, तर उजवीचा हृदयाच्या ठोक्यांशी जास्त संबंध येतो. वायर कातडीखालून खाली आणतात आणि डाव्या छातीवर, कॉलरबोनच्या खाली, बॅटरी ठेवतात. मोठ्या बिस्किटाएवढी समजा. दोन छोटे छेद. वाढत्या मुलांसाठी वायरीचा थोडा सैल वेढा आत ठेवून देतात, उंची वाढली की ताण बसू नये म्हणून. माणसात पहिल्यांदा १९८८ मध्ये बसवलं, अमेरिकेत १९९७ मध्ये १२ वर्षांपुढच्यांसाठी परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये वय ४ वर आणलं. म्हणजे तुमची मुलगी काही पहिली नाही, या वाटेने बरेच लोक जाऊन आलेत.

ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करतात, अगदी कमी करंटवर, पाव मिलीअँपिअर, आणि दर काही आठवड्यांनी पाव-पाव वाढवत नेतात. बाहेरून, छातीवर एक कांडीसारखं यंत्र धरून, सुई वगैरे काही नाही. नेहमीची सेटिंग म्हणजे ३० सेकंद चालू, ५ मिनिटं बंद, दिवसरात्र. त्या ३० सेकंदांत आवाज घोगरा होतो, खोकला येतो, घशात गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एक मुलगा होता, बाहेर बाकावर बसून तेराचा पाढा म्हणत होता, तेरा पंचे पासष्टला आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला आणि तेरा साते एक्क्याण्णव येईतो परत नीट. तो स्वतःच हसला, 'माझी बॅटरी लागली' म्हणे. बहुतेकांना हळूहळू सवय होते. जखमेला इन्फेक्शन व्हायचा धोका असतो, थोडाच पण असतो. झोपेत घोरणं, श्वास अडकणं आधीपासून असेल तर आधीच सांगा, वाढू शकतं.

सोबत मॅग्नेट मिळतो, मनगटावर किंवा बेल्टला लावायचा. फीट सुरू होताना दिसली की छातीवरच्या बॅटरीवरून एक सेकंद फिरवायचा, जादा झटका जातो आणि काही मुलांची फीट तिथेच आवरते किंवा लवकर संपते. एक शाळेत बाईंकडे ठेवा, शिकवून ठेवा. आता नवीन मॉडेल हृदयाचे ठोके अचानक वाढले की स्वतःहून झटका देतात, कारण बऱ्याच जणांचे ठोके फीटच्या वेळी वाढतात.

आणि फायदा? साधारण निम्म्या मुलांच्या फिट्स निम्म्याने किंवा जास्त कमी होतात, तेही वर्ष-दोन वर्षांत. पूर्ण बंद होणारी फार थोडी. गोळ्या सुटतीलच असं समजू नका. काही वर्षांनी बॅटरी संपली की ती बदलायचं छोटं ऑपरेशन परत, तो खर्च आत्ताच विचारून ठेवा, पहिला खर्च लाखांत असतो आणि लोक दुसऱ्याचा विचार करत नाहीत.

प्रश्न : ११ वर्षांच्या मुलाला मोठ्या खाजगी हॉस्पिटलात व्हीएनएस बसवून आठ महिने झाले. बसवायच्या आधी रोज फोन यायचे, आता अपॉइंटमेंट मिळत नाही. फरक शून्य. फसलो का आम्ही? (आई, नागपूर)

चिडणं बरोबर आहे तुमचं. पण दोन गोष्टी वेगळ्या करू.

एक, करंट कितीवर आलाय? पत्रात लिहिलंय की बसवल्यानंतर दोनदाच बोलावलं. मग मशीन कदाचित अजून चिमूटभर करंटवरच चालतंय आणि ते काम करत नाही असं म्हणता येणार नाही, त्याला कामाला लावलंच नाहीये. सेटिंगचा कागद मागा, लेखी, तो तुमचा हक्क आहे. ते वेळ देत नसतील तर त्या कंपनीचं मशीन प्रोग्रॅम करणारा दुसरा डॉक्टर शोधा, बसवलं तिथेच जायला पाहिजे असं काही नाही.

दुसरी गोष्ट, फरक शून्य हे तुम्ही कशावरून म्हणताय? रागावू नका. मी विचारते कारण फिट्स आठवणीत मोजता येत नाहीत, वाईट आठवडा लक्षात राहतो. एक आई यायच्या आमच्याकडे, त्या कालनिर्णयवर लिहायच्या, एकाच चौकोनात वर 'दूध १ लि.' आणि खाली निळ्या पेनने रेघा, मोठ्या फीटला लाल. वर्षाची पानं उलटली तर डॉक्टरांनाही दिसलं की निळ्या रेघा तेवढ्याच आहेत पण लाल जवळजवळ गेल्यात, आणि फीटनंतर पोरगं पूर्वी तीन तास झोपायचं ते आता अर्ध्या तासात उठून खायला मागतं. हा फरकच आहे की! आणि फरक खरंच शून्य निघाला, दीड-दोन वर्षं नीट डोसवर चालवूनसुद्धा, तर मशीन बंद करता येतं, काढता येतं. बसवायच्या आधीच ठरवायला पाहिजे होतं की किती कमी झालं तर आपण याला यश म्हणू. तुमच्याशी हे कुणी बोललं नाही, ती चूक हॉस्पिटलची.

प्रश्न : नात १३ वर्षांची. सून म्हणते बॅटरी बसवू. मला भीती वाटते, पोरीच्या जातीला छातीवर व्रण, पुढे लग्नाचं काय? आमच्याकडे फीट आली की कांदा हुंगवतात, त्याने पण थांबते. (आजी, बार्शी)

आजी, कांद्याने थांबत नाही हो. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात आणि तेवढ्यात कुणीतरी कांदा शोधून आणलेला असतो, मग नाव कांद्याचं होतं. चप्पलचंही तेच. पोरीला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे मारा आणि गाडी काढा.

व्रण दोन, एक मानेच्या घडीत, एक छातीच्या वरच्या बाजूला, बरेच सर्जन काखेच्या जवळ नेतात, सांगितलं तर. लग्नाचं म्हणाल तर पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच लिहिलं होतं की वारंवार फिट्स येत असतील तर ते लग्न मोडायला कारण धरता येईल, ते १९९९ मध्ये काढून टाकलंय. लपवून मात्र लग्न करू नका, लपवलेलं पहिल्या वर्षातच बाहेर येतं. आणि ती १३ वर्षांची आहे, तिला विचारलं का कुणी? सुनेचं पत्र नाही आलं, नातीचंही नाही. तिलाच लिहू द्या मला.

प्रश्न : न्यू जर्सीला राहतो. भाची १५ वर्षांची, इकडचे डॉक्टर आरएनएस म्हणतायत, पण पॅकेटवर १८ वर्षं लिहिलंय. धोका आहे का? (मामा)

आरएनएसला तिकडे २०१३ मध्ये मोठ्यांसाठी परवानगी मिळाली, आणि थॅलॅमसमधल्या डीबीएसला (मेंदूत खोल वायर सोडून झटके देणारं मशीन) २०१८ मध्ये, तीही १८ च्या पुढेच. पण मोठी हॉस्पिटलं निवडक मुलांना परवानगीच्या वयाबाहेर बसवतात, त्याला ऑफ-लेबल म्हणतात, बेकायदेशीर नाही ते, फक्त पुरावा मोठ्यांमधला वापरलेला असतो. आरएनएस म्हणजे वॉचमन, मेंदूचा ईईजी सतत वाचतो आणि फीटचा आकार दिसला की तेवढ्यापुरता झटका देतो. जागा एक किंवा फारतर दोन असाव्या लागतात आणि त्या काढता न येण्यासारख्या, म्हणजे बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या जागेवर बसलेल्या. मशीन कवटीचं हाड कोरून बसवतात म्हणून लहान मुलांत हाड पुरेसं जाड आहे का आणि अजून वाढणार आहे का हे बघतात, १५ ला तो प्रश्न बराचसा सुटलेला असतो. मोठ्यांमध्ये नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात निम्म्या पेशंटच्या फिट्स ७५ टक्के किंवा जास्त कमी झालेल्या दिसल्या, पण लक्षात घ्या, नऊ वर्षं. इन्शुरन्सचं लेखी प्री-ऑथरायझेशन ऑपरेशनच्या आधी हातात घ्या, वय बघून नाही म्हणू शकतात.

प्रश्न : व्हीएनएस असलेल्या मुलाला फिजिओथेरपीला नेते, शेक देतात, चालेल ना? मॉलचं गेट? गणपतीतला डीजे? (आई, ठाणे)

शेक कसला ते आधी विचारा. गरम पाण्याची पिशवी वेगळी, पण शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह डायथर्मी किंवा उपचाराचा अल्ट्रासाऊंड असेल तर अंगावर कुठेही नको, अगदी गुडघ्यावरसुद्धा नको, वायर तापू शकते. डीबीएसलाही हाच नियम. फिजिओच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एमआरआय होतो, पण मॉडेल बघून आणि आधी मशीन बंद करून, म्हणून कार्ड पाकिटात हवंच. गेटमधून सरळ चालत जायचं, रेंगाळायचं नाही. डीजेचं मी काय सांगणार, कानांसाठीच वाईट. मोठ्या स्पीकरमध्ये जबर मॅग्नेट असतो, छाती टेकून उभं राहू देऊ नका, वीतभर तरी लांब.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला बॅटरी बसवलीय. मी गाणं शिकते आणि माझी प्रारंभिकची परीक्षा आहे. सा लावला की मधेच आवाज फाटतो. बाई म्हणतात पुढच्या वर्षी बस. काय करू?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बसायचं ते याच वर्षी.

तुझा मॅग्नेट आहे ना, तो नुसता फिरवला तर जादा झटका जातो, पण बॅटरीवर तसाच धरून ठेवला तर मशीन तेवढा वेळ गप्प बसतं. काढला की परत आपलं चालू. गाणारी, भाषण करणारी मंडळी हे करतात, कपड्याच्या आतून चिकटपट्टीने लावून. पण आधी आईला घेऊन तुझ्या डॉक्टरांना विचार, तुझ्या फिट्स बघून किती वेळ बंद ठेवलेलं चालेल ते तेच सांगतील. दुसरं, ज्या करंटवर आवाज फार फाटतो तो त्यांना थोडा बदलता येतो, झटक्याची रुंदी, म्हणजे एकेक झटका किती वेळ टिकतो ते, कमी करूनपण बऱ्याच जणांना आराम पडतो, म्हणून 'आवाज फाटतो' हे शब्द तूच सांग, आईला सांगू देऊ नकोस. घरी दोन-तीनदा मॅग्नेट लावून रियाज करून बघ आणि आई शेजारी असतानाच कर. परीक्षेच्या दिवशी रात्रीची झोप पूर्ण आणि सकाळची गोळी वेळेवर, नंबर उशिरा लागला तर डबा खाऊन घे.

आणि मॅग्नेट परीक्षकांच्या टेबलावर, त्यांच्या मोबाईलशेजारी किंवा एटीएम कार्डाशेजारी ठेवू नकोस. गाणं संपलं की पट्टी काढायची आठवण कोणाकडे आहे ते आधीच ठरव. राग कोणता घेतलायस ते लिहिलंच नाहीस.